सायखेड्याहून तिसऱ्या घंटेपर्यंत

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीच्या काठचे, पलीकडच्या चांदोरीशी पुलाने जोडलेले, कांदा आणि द्राक्षे यांवर उभे असलेले बाजारपेठेचे गाव नाशिक शहरापासून वाहनाने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. येथील मुलामुलींना नाशिक अनोळखी नाही. दवाखाना, लग्नाचा बस्ता, पंचवटीतले देवदर्शन आणि दहावीनंतर महाविद्यालयाचा प्रवेश अशा कारणांनी ती शहरात जातच असतात. मात्र त्याच शहरात मुंबई-पुण्याच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग वर्षभर होत असताना गावातील शाळेची सहल एखाद्या प्रयोगाला गेली, असे क्वचितच घडते. शाळांच्या सहली वेरूळला जातात, रायगडावर जातात, शिर्डीला जातात आणि अलीकडे जलक्रीडेच्या उद्यानांतही जातात. नाट्यगृह मात्र सहलीचे ठिकाण असू शकते, हे शिक्षकांच्या आणि पालकांच्याही मनात सहसा येत नाही. येथे अभिप्रेत आहे ते व्यावसायिक नाटक, म्हणजे ज्याचे कलावंत आणि तंत्रज्ञ त्या कामावर आपला चरितार्थ चालवतात, ज्याचे तिकीट विकले जाते आणि जे एकाच संहितेचे गावोगाव शेकडो प्रयोग करते, असे नाटक. शाळेच्या स्नेहसंमेलनातील एकांकिका किंवा स्पर्धेतील हौशी प्रयोग यांची थोरवी वेगळी आहे. त्यांचा येथे विचार नाही.

नाशिक जिल्ह्याला नाटक परके आहे, असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. वि. वा. शिरवाडकर यांचे प्राथमिक शिक्षण निफाड तालुक्यातीलच पिंपळगाव बसवंत येथे झाले आणि पुढे आयुष्याचा बराच काळ नाशकात राहून त्यांनी जी नाटके लिहिली, त्यांतील 1970 साली रंगभूमीवर आलेले ‘नटसम्राट’ मराठी माणसाला ठाऊक नाही असे होत नाही. वसंत कानेटकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे त्यांचे 1962 चे नाटक नाशकातल्याच लेखणीतून उतरले. शहरात 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या आवारात परशुराम साईखेडकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे (हे आडनाव सायखेड्याच्या वाचकाचे लक्ष वेधून घेईल, हे ओघानेच आले). महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर शालिमार परिसरात आहे आणि मोठ्या व्यावसायिक नाटकांचे प्रयोग मुख्यतः तेथे होतात. म्हणजे नाटककार जिल्ह्याचे, रंगमंदिर तासाभराच्या वाटेवर आणि तरीही त्या नाटककारांची नावे सायखेड्याच्या विद्यार्थ्याला ‘कवी-लेखक परिचय’ या चौकटीतून, जन्म-मृत्यूच्या सनांसह माहीत होतात, अशी ही विसंगती आहे.

गावातील मुलांनी जिवंत सादरीकरण पाहिलेलेच नसते, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. यात्रेतला तमाशा, हरिनाम सप्ताहातले कीर्तन, भारूड आणि शाळेचे गॅदरिंग यांतून डोळ्यांसमोर माणूस उभा राहून सोंग आणतो, गातो, हसवतो, हा अनुभव शहरातल्या मुलापेक्षा गावातल्या मुलाला कदाचित अधिकच असतो. फरक आहे तो प्रेक्षकाच्या भूमिकेत. तमाशातील गण, गवळण आणि बतावणी यांमध्ये, तसेच वग म्हणजे सलग कथानक असलेल्या भागातही, प्रेक्षक उघडपणे सहभागी असतो. तो दाद देतो, शेरे मारतो, सोंगाड्याला उत्तर देतो, मध्येच उठून चहा पिऊन येतो, आणि कलावंतही त्याच्या बोलण्याचा धागा पकडून संवाद फिरवतो. कीर्तनातही बुवांनी विचारले की श्रोत्यांनी उत्तर द्यायचे असते. बंदिस्त नाट्यगृहातील नाटक याच्या उलट्या करारावर उभे असते: प्रेक्षागृहातले दिवे मालवले जातात, रंगमंचाची तीन बाजूंनी बंद आणि प्रेक्षकांकडे उघडी अशी चौकट उजळते आणि समोरच्या घरात प्रेक्षक नाहीतच असे मानून पात्रे बोलू लागतात. दोन-अडीच तास काही न बोलता, शेकडो अनोळखी माणसांच्या सोबतीने, दुसऱ्याच्या घरातले भांडण ऐकत बसणे ही सवय उपजत नसते. ती लागावी लागते. एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असा याचा अर्थ नाही. दोन्ही प्रकारचा प्रेक्षक होता येणे ही एका माणसाची श्रीमंती आहे आणि सायखेड्याच्या मुलाकडे त्यातली अर्धी आधीपासूनच असते.

नाटक पाहून विद्यार्थ्याला नेमके काय मिळते, या प्रश्नावर पुष्कळदा ‘संस्कार’ या एका शब्दात उत्तर दिले जाते आणि तेथेच चर्चा संपते. अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न केला आणि 2014 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सातवी ते बारावीच्या ज्या शाळागटांनी ‘हॅम्लेट’ किंवा ‘ए ख्रिसमस कॅरोल’ यांचा व्यावसायिक प्रयोग पाहण्यासाठी अर्ज केले, त्यांच्यातून सोडत काढून काहींना नाट्यगृहात नेण्यात आले आणि उरलेल्यांना नेण्यात आले नाही. सोडतीचे महत्त्व असे की, मुळातच नाटकाची आवड असलेली मुले एका बाजूला आणि नसलेली दुसऱ्या बाजूला, असा पक्षपात त्यामुळे टळतो व दोन गटांत पुढे दिसणारा फरक नाटकाच्या खात्यावर टाकता येतो. नाटक पाहिलेल्या मुलांना कथानक आणि त्यातील शब्द अधिक चांगले समजलेले आढळले. तेच पुस्तक वाचलेल्या किंवा त्यावरचा चित्रपट पाहिलेल्या मुलांच्या तुलनेतही हा फरक टिकला. त्याच विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये मांडलेल्या पुढच्या कामात काही गटांना मुद्दाम त्याच नाटकांवरचे चित्रपट दाखवले होते. तेव्हा भिन्न मतांविषयीची सहिष्णुता आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची क्षमता प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेल्यांत वाढलेली दिसली, चित्रपट पाहिलेल्यांत ती दिसली नाही.

या निष्कर्षांवर फार मोठा डोलारा उभारणे योग्य नाही, कारण ती परदेशातील शाळांची पाहणी आहे आणि एका सहलीने माणूस बदलतो असे तीही म्हणत नाही. तरीही तिच्यातील चित्रपटाशी केलेली तुलना लक्षात ठेवण्याजोगी आहे. सायखेड्यातील नववीच्या मुलाच्या हातातील मोबाइलवर आज गाजलेल्या मराठी नाटकांची चित्रणे सहज मिळतात आणि ‘घरबसल्या दिसते तर नाशिकला कशाला न्यायचे’ हा पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर नाटकाच्या घडणीतच आहे. चित्रणात कुठे पाहायचे ते कॅमेरा ठरवतो. बोलणाऱ्याचा चेहरा मोठा होऊन समोर येतो आणि ऐकणारा चौकटीबाहेर जातो. रंगमंचावर बोलणारा आणि ऐकणारा दोघेही सतत डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे सून बोलत असताना कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलेल्या सासऱ्याचे बोट थबकले, हे ज्याचे त्याने टिपायचे असते. शेजारच्या खुर्चीवरील मैत्रिणीला ते दिसले आणि आपल्याला दिसले नाही, यातून परतीच्या एसटीत जो वाद होतो, तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा मोलाचा असतो.

पाठ्यपुस्तकाचा अनुभव येथे ताडून पाहता येईल. महाराष्ट्रात 2019 पासून लागू झालेल्या अकरावीच्या मराठी युवकभारतीमध्ये नाटक हा साहित्यप्रकार स्वतंत्रपणे शिकवला जातो आणि त्यात दिलीप प्रभावळकरांचे ‘हसवाफसवी’, प्रशांत दळवींचे ‘ध्यानीमनी’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘सुंदर मी होणार’ यांतील वेचे घेतलेले आहेत. ‘हसवाफसवी’ची मौज अशी की त्यात एकच नट सहा भूमिका करतो, एक पात्र विंगेत म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला जाते आणि थोड्याच वेळात वेगळा पोशाख, वेगळी चाल आणि वेगळा आवाज घेऊन दुसरे पात्र बाहेर येते. छापील पानावर ही मौज उरत नाही, कारण तेथे प्रत्येक पात्राचे नाव ठळक अक्षरांत डावीकडे आणि संवाद उजवीकडे असा एकसारखाच दिसतो. विद्यार्थ्याला त्या उताऱ्यावर ‘स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न येतो आणि तो पोहण्याचे नियम पाठ केलेल्याच्या आत्मविश्वासाने उत्तर लिहितो. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’चे उदाहरण आणखी वेगळे. चौथीपासून शिवाजी महाराजांचा इतिहास लढाया, किल्ले आणि तह या क्रमाने शिकलेल्या मुलाला या नाटकात थोरल्या मुलाशी मन न जुळणारा, घरातल्या दुहीने थकलेला एक बाप दिसतो. महाराजांविषयीचा आदर त्याने तिळभरही कमी होत नाही. फक्त इतिहासातील माणसांनाही संध्याकाळी घरी जावे लागत होते, हे प्रथमच ध्यानात येते.

खास मुलांसाठी लिहिलेल्या नाटकांची, म्हणजे बालनाट्याची, मराठीतील परंपरा बरीच भरीव आहे. सुधा करमरकर यांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’ ही संस्था काढून रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने सुरुवात केली, मुलांसाठीचे नाटक मोठ्या, कसलेल्या नटांनी आणि मोठ्यांच्या नाटकाइतक्याच नेटक्या नेपथ्यासह करायचे, हा त्यामागचा आग्रह होता. मतकरींनी पुढे ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था चालवली आणि त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण, जी एके काळी प्रभावळकरांनी आणि 2018 च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी साकारली, ती आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना ओळखीची झाली. राजा-राणी-राक्षसांच्या या जगाला दुसरा पर्याय 1986 साली पुण्याच्या थिएटर अकादमीने दिला. बर्लिनमधील ‘ग्रिप्स’ या नाट्यसंस्थेची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने मराठीत आली आणि ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आले. ग्रिप्स पद्धतीत मोठे नटच लहान मुलांच्या भूमिका करतात, विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात आणि मोठी माणसे नेहमी बरोबरच असतात असे त्यात गृहीत धरलेले नसते. शेवटची ही गोष्ट शाळांना जरा जड जाते, हे सांगायला नको.

मात्र या परंपरेची एक व्यवहारी गोम आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. व्यावसायिक बालनाट्यांचा हंगाम मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी हा असतो, कारण तेव्हाच शहरातले पालक मुलांना घेऊन नाट्यगृहात येतात. शाळा चालू झाली की बालनाट्य बंद होते आणि बालनाट्य सुरू होते तेव्हा शाळेला कुलूप असते. परिणामी मुलांचे नाटक ज्यांच्या आईवडिलांना सवड, वाहन आणि तिकिटाचे पैसे आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचते. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरण्याच्या घाईत असलेल्या घरातील मूल त्यातून आपोआप गळते. बर्लिनमध्ये ग्रिप्सचे प्रयोग शाळांच्या वर्गांसाठी सकाळच्या वेळीही होतात आणि शिक्षक वर्गच्या वर्ग घेऊन येतात. मराठीने ग्रिप्सची संहिता आणि अभिनयशैली घेतली, पण सकाळचा प्रयोग घेतला नाही, असे म्हणावे लागते.

यावर एक उपाय मराठी नाट्यव्यवसायात आधीपासूनच आहे आणि त्याला कंत्राटी प्रयोग म्हणतात. कंत्राटी प्रयोगात तिकीटविक्रीची जोखीम नाट्यसंस्था घेत नाही. एखादे मंडळ, बँक किंवा संस्था ठरलेली रक्कम देऊन पूर्ण प्रयोग विकत घेते आणि प्रेक्षक स्वतः आणते. अशा प्रयोगाची वेळही मग बोलून ठरवता येते. सायखेड्याच्या एकट्या शाळेला ही रक्कम झेपणार नाही. परंतु चांदोरी, ओढा, निफाड, पिंपळगाव अशा पट्ट्यातील काही शाळा एकत्र आल्या तर नाट्यगृह भरते आणि प्रत्येक मुलामागचा खर्च एरवीच्या एकदिवसीय सहलीच्या आवाक्यात येऊ शकतो. मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या 1914 पासूनच्या संस्थेच्या अनेक शाळा या परिसरात आहेत; एकाच संस्थेच्या छत्राखालील शाळांना असा निर्णय घेणे त्या मानाने सोपे आहे. शैक्षणिक सहलीसाठी एसटी महामंडळ भाड्यात निम्मी सवलत देते आणि नाट्यगृह हे सहलीचे ठिकाण म्हणून दाखवण्यास कोणतीही तात्त्विक अडचण दिसत नाही.

दिवस निवडताना गावचे वेळापत्रक सांभाळावे लागेल. पावसाळ्यात गोदावरीचा भरवसा नसतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात सायखेडा आणि चांदोरी या दोन्ही गावांत पाणी शिरले होते आणि अशा दिवसांत मुलांना नदीपलीकडे नेऊन परत आणण्याची जबाबदारी कोणताही मुख्याध्यापक घेणार नाही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागवड आणि त्यामागोमाग द्राक्षांची काढणी सुरू झाली की मोठ्या वर्गातील कित्येक मुले रानात लागतात. उरतो तो दिवाळीची सुटी संपल्यानंतरचा काळ, म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबरचा आरंभ. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याच्या स्मरणार्थ पाळला जाणारा 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच सुमारास येऊन गेलेला असतो. वेळ मात्र दुपारचीच हवी. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला मुलींना पाठवण्यास पालक तयार होत नाहीत आणि त्यांच्या काळजीला मागासलेपण म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

नाटकच शाळेत आणले तर हा सारा खटाटोप वाचेल, अशी सूचना नेहमी पुढे येते आणि तिला जगभर आधारही आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये नटांची तुकडी शाळांत पाठवून ‘शिक्षणातील रंगभूमी’ ही चळवळ सुरू केली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानेही 1989 मध्ये याच कामासाठी स्वतंत्र पथक उभारले. त्या पद्धतीचे मोल वादातीत आहे. तिच्यात मुले नाटकात भाग घेतात, प्रश्न विचारतात, कथेचा शेवटही बदलतात. परंतु ती वेगळी गोष्ट आहे. शाळेच्या पटांगणात, उन्हात, ध्वनिवर्धकाच्या खरखरीत, मधल्या सुटीच्या घंटेला घाबरत केलेला प्रयोग पाहून व्यावसायिक नाटक पाहिल्याचे समाधान मानणे म्हणजे मुलांना कमी प्रतीचा माल खपवण्यासारखे आहे. गावच्या मुलांसाठी म्हणून कापलेला, स्वस्त केलेला आणि बोधाची गोळी घातलेला प्रयोग त्यांना कळतो, पण पटत नाही. तिकीट काढून आलेल्या मोठ्या माणसांसाठी जे आणि जसे केले जाते, ते तसेच आपल्यासाठीही केले गेले, हे मुलांना फार लवकर उमगते.

म्हणूनच प्रयोगाच्या आधीचा दीड तास सहलीत जमेस धरला पाहिजे. दौऱ्यावरचे नाटक आपले घर सोबत घेऊन फिरते: भिंती, दारे, खिडक्या लाकडी चौकटींवर ताणलेल्या कापडाच्या असतात, त्या गाडीतून उतरवून नेपथ्याची माणसे काही तासांत उभ्या करतात, वर लोखंडी नळ्यांना दिवे बांधले जातात आणि कोणत्या प्रवेशाला कोणता दिवा किती उजळायचा, हे प्रकाशयोजना सांभाळणारा पुन्हा तपासून घेतो. अंधारात टेबल कुठे ठेवायचे हे चुकू नये म्हणून जमिनीवर चमकत्या पट्टीच्या छोट्या खुणा चिकटवलेल्या असतात. व्यवस्थापकाची परवानगी मिळाली तर विद्यार्थ्यांनी हे पाठीमागून पाहावे. घराची भिंत मागून कोरी असते आणि तिला तिरका टेकू दिलेला असतो, हे पाहिल्यानंतर समोर बसून तीच भिंत खरी मानणे किती आपखुशीचे असते, ते त्यांना आपोआप कळते. सुतारकाम, वीजजोडणी, शिवणकाम आणि रंगकाम हे रोजगार नाटकात असतात, ही माहिती दहावीनंतर आयटीआयचा विचार करणाऱ्या मुलाला अनावश्यक नाही.

शिस्तीचा बाऊ मात्र करू नये. पहिली घंटा तयारीची, दुसरी जागेवर बसण्याची आणि तिसरी पडदा उघडण्याची, मोबाइल बंद ठेवायचा, एवढे वर्गात सांगितले की पुरे. मुले सुरुवातीला चुकीच्या जागी हसतील, एखादी शिट्टी पडेल, काळोख झाला की मागच्या रांगेतून आरोळी येईल. मुरलेले नट हे सगळे अंगावर घेतात आणि पाचेक मिनिटांत प्रेक्षागृह आपल्या हाती आणतात. शिक्षकांनी रांगेतून डोळे वटारत फिरण्याऐवजी स्वतः नाटक पाहावे, कारण गुरुजी किंवा बाई खळखळून हसताना किंवा डोळे पुसताना दिसणे, हाही मुलांच्या दृष्टीने एक दुर्मीळ प्रयोगच असतो.

दुसऱ्या दिवशी ‘मी पाहिलेले नाटक’ हा निबंध घालण्याचा मोह शाळेने कटाक्षाने टाळावा. निबंधाची चाहूल लागली की मुले नाट्यगृहातच ‘बोध’ शोधू लागतात आणि पहिल्या अंकातच तो सापडला की पुढचे पाहणे थांबवतात. त्याऐवजी मराठीच्या तासाला पाठ्यपुस्तकातला एखादा नाट्यउतारा घेऊन बाके बाजूला सारावीत आणि एवढेच ठरवायला सांगावे की दार कुठे आहे, कोण आधी आत येते, कोण पाठ करून उभे आहे आणि कोणत्या वाक्याला कोणी बसायचे. अशा तासाला आवाज वाढतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते आणि चाळीस मिनिटांत उताऱ्याचे जेमतेम अर्धे पान होते. अभ्यासक्रमाच्या नियोजनात ते आधीच धरून ठेवावे.